खिंडीची पाठ

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हिमाचलातल्या पिन-पार्वती खिंडीला हल्ली सगळेच जातात, म्हणून तिच्या शेजारची, नकाशावर नाव नसलेली एखादी खिंड तुम्हा दोघींना शोधायचीय. पाठीवर स्वतःचं सामान, सोबत वाटाड्या नाही, खेचरं नाहीत. इच्छा चांगली आहे, जागा चुकली आहे.

१८८४ मध्ये लुई डेन नावाचा इंग्रज अधिकारी (पुढे तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला) स्पितीत जायला दुसरी वाट शोधत पिन-पार्वतीवरून पलीकडे उतरला, हे तू लिहिलंयस. बरोबर आहे. पण ती खिंड ५,३१९ मीटरवर आहे. त्या भागात हिमनदी आली, हिमनदीबरोबर हिमभेगा आल्या, आणि ताज्या बर्फाखाली झाकलेली भेग कितीही नजर तयार असली तरी दिसत नाही. तिथे दोरावर निदान तिघं तरी हवीत. तुम्ही दोघी आहात. त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला.

आता म्हणशील, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, बीएमसी, करून आलेय की. (आजीला ‘बीएमसी’ म्हणजे अजूनही महापालिकाच वाटते ना?) कोर्समध्ये दोर, आइस-अ‍ॅक्स, चालण्याची पद्धत सगळं शिकवतात. पण वाट कुठून काढायची हे तिथे उस्ताद ठरवतात आणि तुम्ही त्यांच्या पावलांवर पाऊल टाकता. वाट काढण्याचं शिक्षण तुझं खरं तर आपल्या घाटवाटांत झालंय. बोराट्याची नाळ आठव, कड्यातून कोकणात उतरणारी ती अरुंद घळ. मोहरीच्या पठारावर आपण तासभर कारवीत घुसत होतो आणि नाळेचं तोंड काही सापडत नव्हतं. तीच भिंत नंतर कोकणातून वर बघितली तर प्रत्येक नाळ, प्रत्येक सोंड उघडी पडलेली. सह्याद्रीत घाटवाट खालून वाचायची आणि वरून उतरायची.

हिमालयात ही सोय नाही. खालून तुला खिंडीची एकच बाजू दिसते, जिच्यावरून चढायचं ती. जिच्यावरून उतरायचं ती पाठ लपलेली असते. आणि खिंड पार होते की नाही, ते ती पाठच ठरवते.

हे मी कांगड्याच्या डोक्यावरच्या धौलाधार रांगेत शिकलो. तिथल्या इंद्रहार खिंडीच्या बाजूच्याच एका खिंडीवर आमचा डोळा होता. सकाळी चहात वेळ घालवला, अकराला ढग चढले. समोरच्या धारेत दोन खाचा दिसत होत्या. डावीकडची बुटकी वाटली म्हणून तिकडे वळलो. खाली भिंतीशी उभं राहून वर बघितलं की उंचीचा अंदाज हमखास फसतो, एवढं साधं मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन वाजता माथ्यावर पोचलो. पलीकडे पंचवीसेक मीटरचा सरळ कडा, त्याखाली हिरवंगार कुरण आणि कुरणात मेंढ्या. मेंढ्या बघून मला हसूच आलं. मग ओल्या शिळांवरून आल्या वाटेने उलटं उतरलो आणि रात्र एका धोंड्याखाली भिजत काढली. मित्राचा गुडघा त्यात कायमचा दुखावला. नकाशा माझ्या हातात होता, निर्णयही माझाच होता. घरून निघाल्यापासून मी एकच प्रश्न विचारत होतो: वर कसं जायचं?

म्हणून तुला धौलाधारच सुचवतोय. सप्टेंबरअखेरीला जा. पाऊस मागे सरकलेला असतो, जुना बर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो आणि गद्दी मेंढपाळ उन्हाळी कुरणांतून खाली परतत असतात. कांगड्याच्या खोऱ्यातून ती भिंत अशी एकदम उठते की कोकणातून सह्याद्री बघितल्यासारखं वाटतं. तुझ्या नजरेला ते ओळखीचं वाटेल. यंदा इंद्रहार कर, ४,३४२ मीटर, मळलेल्या वाटेने. त्रिउंड, लाका, लाहेशची गुहा असे मुक्काम घे, घाई नको. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे तुला माहीत आहेच. लाका वगळून एकदम लाहेश गाठायचा मोह होईल, तो टाळ. माथ्यावर पोचलीस की फोटो काढून लगेच उतरू नकोस. तासभर बस आणि धारेवरच्या शेजारच्या खिंडींच्या पाठी बघ. पलीकडे चंब्याकडच्या कुआरसी गावाच्या बाजूला उतरताना दर अर्ध्या तासाने मागे वळून बघ, वहीत चित्र काढ. त्यांतली एक खिंड पुढच्या वर्षी तुझी. बिननावाचीच असेल, काळजी नको.

एक वर्ष वाया जाईल असं वाटेल. वाटू दे.

घरी बसून करायचं काम नकाशाचं. हिमालयातल्या १:५०,००० च्या शीटवर दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) सहसा चाळीस मीटरची उंची असते. म्हणजे माझा तो पंचवीस मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये आरामात झोपला होता, नकाशाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पट्टी घेऊन बस. त्या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. रेषा एक मिलिमीटरवर आल्या की उतार झाला एकोणचाळीस अंशांच्या आसपास. सुटे दगड आणि मुरूम साधारण पस्तीस अंशांपर्यंतच टिकतात, त्यापुढे घरंगळतात. तेव्हा रेषा मिलिमीटरपेक्षा दाटल्या तर तिथे मुरूम नाही, उघडा खडक आहे असं धरून चाल, आणि त्या खडकात टप्पे आहेत की कडा हे दुसरीकडून शोध. रेषा विरळ असल्या म्हणून मात्र निर्धास्त होऊ नकोस.

फोनवरच्या नकाशावर तर माझा याहून कमी विश्वास आहे. त्यातल्या बऱ्याच अ‍ॅपच्या रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. तीस मीटरच्या चौकोनाला एक आकडा. उभा कडा त्यात गुळगुळीत उतार होऊन बसतो. त्यापेक्षा उपग्रहाची छायाचित्रं कामाची. ती बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमाराची असतात, त्यामुळे सावल्या वायव्येकडे पडतात. मोकळ्या उतारावर अचानक काळी रेघ दिसली की कडा समज. उत्तरेकडची बाजू बघायला जून-जुलैचं चित्र शोध. ऑक्टोबरात ती बरीचशी सावलीत असते आणि फारसं काही कळत नाही.

तिथे गेल्यावर गद्द्यांना विचार. हातात नकाशा धरून ‘इथून रस्ता आहे का’ असं विचारलंस तर ‘आहे’ म्हणतील, कारण त्यांना तो आहे. ‘मेंढ्या उतरतात का, पिल्लांसकट? कुठल्या महिन्यात?’ असं विचार. ते खिंडीला जोत म्हणतात. शिवाय खाली बघत चाल. एखाद-दुसऱ्या जनावराची पायवाट कड्याच्या पोटातून आडवी जाते आणि मध्येच विरते. कळपाची वाट रुंद असते, लेंड्यांनी भरलेली असते आणि आजूबाजूच्या सगळ्या वाटा खिंडीखाली तिला येऊन मिळतात. नुसत्या दगडांच्या लगोऱ्यांवर मी भरवसा ठेवत नाही. वाट चुकलेली माणसंही लगोऱ्या रचतात, मीही रचल्यात.

वेळेचा हिशेब वेगळा ठेव. मळलेल्या वाटेवर तासाला पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाला एक तास जास्तीचा, हा जुना ठोकताळा मोठ्या धोंड्यांच्या पसाऱ्यात चालत नाही. तिथे तासाला एक किलोमीटर झालं तरी खूश राहा. अंधारात निघ, दहाच्या आत माथ्यावर असायला हवं. अकराला जिथे असशील तिथून परत. हे दोघींनी आदल्या रात्री एकमेकींना मोठ्याने सांगा, कारण माथा पन्नास मीटरवर दिसत असताना कोणीच मागे फिरत नाही. घळीत एकीच्या डोक्यावर दुसरी नको. हे नाळेत तुला शंभरदा ओरडून सांगितलंय. आणि जे उलटं उतरता येणार नाही ते चढू नकोस, अगदी दोन मीटरची पायरी असली तरी.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं ते यंत्र अमेरिकेतला भाऊ पाठवतोय म्हणालीस. नको. सरकारी परवान्याशिवाय ते आपल्याकडे वापरता येत नाही, आणि ते बाळगल्याबद्दल लोकांना अटकही झाली आहे. त्याऐवजी कागद ठेवा: कुठली वाट, फसली तर दुसरी कुठली, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. एक प्रत मला, एक मॅक्लिओडगंजला जिथे राहाल तिथे. आजीला तिसरी दिलीस तर तो दिवस उजाडायच्या आधीच ती मला फोन करेल, पण दे.

दिवाळीनंतर ये, वही घेऊन. माझी त्या खिंडीची चित्रं आहेत, डाव्या खाचेचीसुद्धा. आपण तुझ्या चित्रांशी ताडून बघू.

– काका

ता. क. गॅसचा डबा विमानात चालत नाही, आगगाडीतही नाही. तिथेच विकत घे, आणि आपल्या स्टोव्हला तो बसतो का ते दुकानातच लावून बघ.