डीई (खात्याची विभागीय चौकशी) चालू असताना ग्रॅच्युइटीच्या भरवशावर फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार साहेब, तुमची परिस्थिती अशी की पीएसआय आहात, भरती १९९३ ची म्हणजे जुनी पेन्शन, पुढच्या मे मध्ये ५८ पूर्ण होतात, चार्जशीट मिळालंय आणि डीई चालू आहे. आणि विचारताय की आत्ताच व्हीआरएस घेऊन ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळणारे) ३० लाख नाशिकच्या फ्लॅटला भरू का.

नका भरू, कारण ते ३० लाख इतक्यात हातात येणारच नाहीत. व्हीआरएस घेतली म्हणून डीई संपत नाही. महाराष्ट्राच्या १९८२ च्या पेन्शन नियमांतला २७ वा नियम सांगतो की नोकरीत असताना सुरू झालेली चौकशी रिटायर झाल्यावरही चालूच राहते, आणि त्यात गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर पेन्शन काही काळ किंवा कायमची कापता येते. नियम १३० प्रमाणे तोपर्यंत तात्पुरती पेन्शन मिळते, ती जवळपास पूर्ण असू शकते त्यामुळे घरखर्चाची फार काळजी नको, पण ग्रॅच्युइटी अंतिम आदेशापर्यंत अडकते आणि पेन्शनही विकता येत नाही. रजेचे पैसेसुद्धा वसुलीची शक्यता दिसली तर रोखून धरू शकतात. खात्रीचा पैसा म्हणजे तुमचा जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), तुम्ही लिहिलेत ते १८ लाख, तेवढेच धरून हिशोब करा.

आणि वैतागून राजीनामा तर अजिबात देऊ नका हो, माझी कळकळीची विनंती आहे, राजीनाम्याने आधीची सगळी सेवाच जाते, ३० वर्षांची पेन्शन एका कागदावर घालवाल. बडतर्फीतही तसंच होतं. सक्तीच्या निवृत्तीची शिक्षा झाली तरी निदान दोन तृतीयांश पेन्शन राहते.

त्यापेक्षा एसपी ऑफिसला लेखी अर्ज द्या की चौकशी रिटायरमेंटच्या आत संपवा, तारखा चुकवू नका, बचावाचं निवेदन चांगल्या वकिलाकडून तपासून घ्या, त्या फीचा खर्च मला फ्लॅटपेक्षा जास्त गरजेचा वाटतो. जीपीएफमधले ४-५ लाख घरखर्च आणि वकिलासाठी बाजूला ठेवा, बाकीचे बँकेत एफडीत. मुलाला फ्लॅट हवाच असेल तर लोन त्याच्या पगारावर बसतंय का ते आधी बघा, तुमची सही जामीनदार म्हणूनही आत्ता नको. बिल्डरला टोकन दिलं असेल तर करारनामा रजिस्टर व्हायच्या आधीच परत मागा.