गळलेलं पेट्रोल शोधण्यात करिअर आहे का?

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एमएस्सी करून पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांमधली गळती साफ करण्याच्या कामात जायचं म्हणते. मला तर हे जेसीबीने माती उपसण्याचं काम वाटतं. शिवाय सगळ्या गाड्या विजेवर गेल्या की तिने काय करायचं? तब्येतीचीही काळजी वाटते. – एक वडील

उत्तर : तुमच्या तीन शंकांमध्ये तब्येतीची सगळ्यात रास्त आहे, म्हणून आधी ती घेतो. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि ठिणगी मिळाली की पेटते. वाफ मोजणारं उपकरण, योग्य हातमोजे, गरजेप्रमाणे श्वसनाचा मुखवटा, हे सगळं कंपनीने द्यायचं असतं. अमेरिकेत अशा दूषित जागांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना साधारणपणे आधी ४० तासांचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलाखतीत तिने पगाराच्या आधी याबद्दल विचारावं. ‘त्याचं काय, होऊन जाईल’ असं उत्तर मिळालं तर ती नोकरी सोडलेली बरी.

आता माती उपसण्याबद्दल. उपसावी लागतेच, पण टाकी आणि तिच्याखालची माती काढली तरी काम बऱ्याचदा संपत नाही. गळलेलं पेट्रोल झिरपत भूजलापर्यंत जातं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्यावर तरंगतं. पाण्याची पातळी वरखाली झाली की तेही वरखाली होतं आणि मातीच्या कणाकणाला चिकटत जातं. थोडं पाण्यात विरघळून पाण्याबरोबर वाहतं, थोडं वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत राहतं. यातलं डोळ्यांना काहीच दिसत नाही. निरीक्षण विहिरी खोदून, नमुने तपासून खालचं चित्र जुळवावं लागतं.

आणि इथे तुमच्या मुलीचं रसायनशास्त्र कामाला येतं. मातीतले जिवाणू बेंझिन खातात. पण एक ग्रॅम बेंझिन पूर्ण मोडायला त्यांना सुमारे तीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम आठ-नऊ मिलिग्रॅम. म्हणजे तेवढा सगळा संपवून मोडणार फक्त तीन मिलिग्रॅम! ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्यावर भागवतात आणि वेग बहुधा मंदावतो. म्हणून एखाद्या विहिरीत सल्फेट घटलेलं आणि विरघळलेलं लोह वाढलेलं दिसलं, तर जाणकार माणूस ओळखतो की खाली जिवाणूंचं काम चालू आहे. मग जमिनीत हवा फुंकायची, वाफ शोषून घ्यायची, पाणी उपसून शुद्ध करायचं, की नुसती नजर ठेवून जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं? त्याहून अवघड निर्णय थांबण्याचा. शेवटचा कण निघेपर्यंत कुणीच साफ करत नाही. पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा. पण शेजारच्या विहिरीचं पाणी कुणी पितं का, यावरही बरंच ठरतं.

विजेच्या गाड्यांची भीती मला फारशी पटत नाही. पंप बंद होतो तेव्हा टाक्या उकरल्या जातात, आणि वर्षानुवर्षं लपलेली गळती बऱ्याचदा तेव्हाच उघडी पडते. इंधनाच्या टाक्या काही फक्त पंपांवर नसतात. हवाईमधल्या रेड हिल इथे अमेरिकी नौदलाच्या २० अजस्र भूमिगत टाक्या होत्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या. मे २०२१ मध्ये सांडलेलं विमानाचं इंधन तिथल्या आग विझवण्याच्या यंत्रणेच्या एका नळात जाऊन बसलं. नोव्हेंबरमध्ये तो नळ फुटला आणि हजारो कुटुंबांच्या घरातल्या नळाच्या पाण्याला इंधनाचा वास यायला लागला. सहा महिने ते इंधन होतं कुठे, हा प्रश्न वेळीच कुणीतरी लावून धरायला हवा होता. तुमच्या मुलीला जे काम करायचंय ते या जातीचं आहे. आणि भूजल वाचता आलं की कारखान्यांचं, कचरा डेपोंचं प्रदूषणही तिला परकं राहणार नाही.

एमएस्सी निवडताना एक पाहा : अभ्यासक्रमात भूजलशास्त्र आहे का? नुसतं विश्लेषण शिकली तर प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांनी आणलेले नमुने तपासत राहील. तेही काम चांगलंच, पण तिला हवं ते नव्हे.

कंटाळ्याबद्दल मात्र तिला आधीच सांगा. दर तीन महिन्यांनी त्याच विहिरी, तेच नमुने. ४० मिलिलिटरची बाटली अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहू नये, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जातं आणि आकडा खोटा येतो. मग अहवाल, आणि अहवालावरचे प्रश्न. सुट्टीत महिनाभर एखाद्या सल्लागार कंपनीबरोबर तिला साइटवर जाऊ द्या. शंभरावी बाटलीही ती उलटी धरून, टिचकी मारून, बुडबुडा नाही ना हे बघत असेल, तर प्रवेशाचा फॉर्म बिनधास्त भरू द्या.