‘पाचेक वर्षं’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : पुण्यात आमचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्याला लागून टेरेस. दर पावसाळ्यात टेरेसचं पाणी खालच्यांच्या हॉलमध्ये उतरतं. ताबा घेऊन पाचेक वर्षं झाली. बिल्डर दरवर्षी माणूस पाठवून केमिकल मारून द्यायचा, आता हात वर करतो. खर्च कोणी करायचा?

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात खालच्यांच्या पीओपीची कथा आहे, सोसायटीच्या सभेतली भांडणं आहेत. ताबापत्राची तारीख तेवढी नाही. अशा पत्रांत ती नसतेच. आणि सगळं अडलंय ते ‘पाचेक’ या शब्दापाशी.

रेरा कायद्याचं (बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्यासाठीचा कायदा) कलम 14(3) सांगतं, की ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. मुदत ताब्यापासून मोजतात, पहिल्या गळतीपासून नव्हे. मे महिन्यात केमिकलचा एक हात मारला, की तुमचं एक वर्ष गेलं!

मात्र 5 वर्षांत दोष कळवायचा असतो, तक्रार दाखल करायची नसते. त्यामुळे मुदत उलटली असली तरी त्याआधीचा तुमचा व्हॉट्सॅप आणि त्यावर बिल्डरचं ‘माणूस पाठवतो’ हे उत्तर कामाला यावं. ते तारखेसकट जपा. पुराव्यात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. फोनवरची बोलणी सिद्ध करणं कठीण. मुदत शिल्लक असेल तर आजच स्पीड पोस्टाने आणि ईमेलने लेखी नोटीस पाठवा.

गेल्या वर्षी टेरेसवर परस्पर टाइल्स बसवून घेतल्यात, हे मात्र अंगाशी येऊ शकतं. बिल्डरच्या लेखी संमतीविना फेरफार केल्यास त्याची जबाबदारी संपते, असं कलम बहुतेक करारनाम्यांत असतं. तुमच्या करारात काय शब्द आहेत ते वाचा. गळती टाइल्सच्या आधीची आहे हे दाखवता आलं, तर बाजू सावरेल.

सोसायटीचं म्हणाल, तर आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते. पण टेरेस एकट्याच्या वापराचा असला की वाद होतो, त्यावर मी पैज लावणार नाही.

महारेरातल्या (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणातल्या) तारखांत एखादा पावसाळा सहज जाईल, तोवर खालच्यांना गळतीत ठेवता येणार नाही. नोटिशीनंतरचे 30 दिवस संपले, की इंजिनिअरकडून पाणी साठवून चाचणी घ्या, फोटोंसह अहवाल घ्या, मग कोबा फोडा आणि बिलं जपा. अहवालाआधी फोडलात तर पुरावा डबरात जाईल.

आणि पुढच्या वेळी चार पानं नकोत, ताबापत्राची झेरॉक्स पाठवा.