गोव्यात लोखंडाच्या खाणी आहेत, मग नाशिकला का नाहीत?

डिचोलीजवळ लाल मातीचे ढीग पाहिलेत आणि आपल्या नाशिकभोवती एवढे डोंगर असून खाण का नाही, असं विचारलंत. प्रश्न अगदी योग्य आहे.

आपला दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पांडवलेणी त्यातच कोरली आहेत. त्यात लोह आहे, पण सगळीकडे थोडं थोडं विखुरलेलं, ते काढणं परवडत नाही. हा काळा दगड सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाकडे संपत जातो आणि त्याखालचा दोनशे कोटी वर्षांहून जुना खडक पुढे गोव्यात उघडा पडतो. त्याचा तुकडा हातात घेतलात तर एक पट्टा काळसर आणि जड, पुढचा गारेचा (म्हणजे गारगोटीचा) फिकट, असे एकाआड एक थर दिसतात. कोकणच्या पावसाने युगानुयुगं त्यातली गार विरघळवून नेली आणि वरच्या भागात लोह साठत गेलं. वेंगुर्ल्यातलं रेडी आणि दोडामार्गातलं कळणे, सिंधुदुर्गातल्या या दोन्ही खाणी त्याच खडकात.

पण माझ्या मते गोव्याच्या खाणी खडकापेक्षाही नद्यांनी चालवल्या. खनिज स्वस्त, वजन प्रचंड, त्यामुळे सगळा हिशोब वाहतुकीचा. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) थेट मुरगाव बंदरात जात, तिथून माल जहाजात. खनिज नाशिकसारख्या घाटमाथ्यावर सापडलं असतं तरी अशी स्वस्त वाट मिळाली नसती. म्हणून जवळजवळ सगळा माल परदेशी गेला: 1950 च्या दशकापासून जपानला, पुढे चीनला. चीन कमी प्रतीची भुकटीही उचलू लागला तेव्हा उत्खनन बेसुमार वाढलं.

पोर्तुगीजांनी दिलेले खाणहक्क 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही चालूच राहिले, ते 1987 च्या कायद्याने भाडेपट्टे झाले. 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे पट्टे 2007 मध्येच संपले होते. मग नूतनीकरण झालेले 88 पट्टे 2018 मध्ये रद्द झाले आणि 2022 अखेर लिलाव सुरू झाले.

तुम्ही पाहिलेले ढीग खनिजाचे नसावेत. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते, ती अशी रचून ठेवतात. पावसात ती खालच्या भातशेतीत उतरते. खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी उपसत राहावं लागतं आणि आसपासच्या विहिरी आटतात. तिथल्या लोकांचा राग मुख्यतः यावरच आहे, आणि तो मला पूर्ण रास्त वाटतो.