खेकड्याचं माप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. उन्हाळ्यात चेसापीक खाडीवर परवाना काढून खेकडे धरतो. शेजारी म्हणतात, पाच इंचांहून लहान नर ‘पीलर’ सांगून ठेवता येतो. खरं आहे का? शिवाय माप काट्यांसकट घ्यायचं की काटे सोडून?

उत्तर : काट्यांसकट. निळ्या खेकड्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी लांब काटा असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. कडक कवचाचा नर 14 जुलैपर्यंत 5 इंच आणि 15 जुलैपासून सव्वापाच इंच भरायला हवा. जेमतेम भरणारा खेकडा ठेवूच नका. टोपलीत झटापट होते, काट्याचं टोक मोडतं आणि तपासणीत तोच खेकडा कमी भरतो. कॅलिफोर्नियाहून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते, कारण तिकडच्या डंजनेस खेकड्याचं माप काट्यांच्या लगेच पुढून, काटे वगळून घेतात.

पीलरबद्दल शेजाऱ्यांचं अर्धंच खरं. पीलर म्हणजे कात टाकायच्या बेतात आलेला खेकडा. त्याला 14 जुलैपर्यंत सव्वातीन आणि पुढे साडेतीन इंच पुरतात, पण नुसतं ‘सांगून’ भागत नाही. सगळ्यात मागच्या, वल्ह्यासारख्या पायाचं शेवटचं पेर उजेडात धरा. कडेच्या आत नव्या कवचाची रेषा दिसते. पांढरी असेल तर कात टाकायला साधारण दोन आठवडे, गुलाबी असेल तर आठवडाभर, लाल असेल तर एक ते तीन दिवस. रेषाच नसेल तर तो कडक खेकडा, आणि त्याला कडक खेकड्याचंच माप लागतं. लहान नर पीलरच्या टोपलीत मिसळणं ही इथली जुनी लबाडी आहे. पायाकडे बघितलं की ती पकडली जाते.

कात टाकलेला मऊ खेकडा साडेतीन इंचांचा चालतो, पण तो पाण्यात ठेवू नका. काही तासांत कवच कागदासारखं होतं, मग कडक, आणि तुमच्याकडे मापात न बसणारा खेकडा उरतो. पाण्याबाहेर काढून ओल्या फडक्यात गार ठेवला की कवच घट्ट होणं थांबतं.

प्रश्न : इंग्लंडमध्ये तपकिरी खेकड्याच्या नुसत्या नांग्या विकतात. पाठच नसेल तर माप कसं घेणार?

उत्तर : घेताच येत नाही, म्हणून ही पळवाट सर्वांत मोठी. बारका खेकडा धरायचा, नांग्या तोडायच्या आणि धड समुद्रात टाकायचं, की पुरावाच संपला. 1998 च्या युरोपीय नियमावलीने यावर वजनाची अट घातली : पिंजऱ्याने पकडलेल्या खेकड्यांच्या एकूण वजनात सुट्या नांग्या फार तर 1 टक्का, इतर साधनांनी मासेमारी केली तर एका फेरीत 75 किलो. जाळ्यात नांग्या आपोआपही तुटतात, म्हणून ही मोकळीक. तिचाही गैरफायदा घेता येतोच. खेकडा स्वतः नांगी टाकतो तेव्हा ती ठरलेल्या सांध्यावर सुटते आणि जखम मिटते. पिरगाळून ओढली तर मांस फाटतं, रक्त वाहतं आणि पुष्कळदा खेकडा मरतो.

फ्लोरिडाने स्टोन क्रॅबसाठी सरळ नांगीलाच माप लावलं. कोपरापासून खालच्या न हलणाऱ्या बोटाच्या टोकापर्यंत, 2020 च्या हंगामापासून 2⅞ इंच. आम्हाला हा मार्ग जास्त पटतो, कारण जे विकलं जातं तेच मोजलं जातं.

प्रश्न : मग मापाऐवजी वजनच का लावू नये?

उत्तर : लावायला हरकत नाही, पण ‘आणि’ की ‘किंवा’ हे सांभाळून. इंडोनेशियात 2015 मध्ये चिखलातल्या चिंबोरीसाठी कवचाची रुंदी 15 सेंमीच्या वर हवी असा नियम आला. 2016 मध्ये तो ‘15 सेंमीच्या वर किंवा 200 ग्रॅमच्या वर’ असा झाला आणि 2020 पर्यंत तसाच होता. चिंबोरी 200 ग्रॅमची होते तेव्हा ती 15 सेंमीच्या बरीच आत असते. त्यामुळे मापपट्टी घेऊन बसलेल्या तपासनीसाला काही करता येत नसे. समोरचा ती चिंबोरी तराजूत टाकू शकत असे.