बगॅस (उसाची चिपाडं) जाळणाऱ्या बॉयलरच्या फर्नेसमधल्या वायूंचं इन्फ्रारेड उत्सर्जन हायट्रान या वर्णरेषांच्या डेटाबेसवरून काढलं तर कमी येतं. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

सॉफ्टवेअर नका बदलू, डेटा बदला. हायट्रानमधल्या रेषांची तीव्रता २९६ केल्विनची असते. सूत्राने ती १५०० केल्विनला नेता येते, पण जी रेषा यादीतच नाही तिचं काय? थंड वायूत नगण्य म्हणून सोडलेले हॉट बँड (आधीच उत्तेजित झालेल्या रेणूंच्या रेषा) फर्नेसमध्ये जागे होतात, ते हिशोबात नसले की वायू आहे त्यापेक्षा पारदर्शक दिसतो. हायटेम्प घ्या, म्हणजे तप्त वायूंसाठीची तशीच यादी. २०१० च्या आवृत्तीत नुसत्या पाण्याच्या वाफेच्या ११ कोटींवर रेषा आहेत. रेडिस हा वर्णपट काढणारा प्रोग्रॅम ती वाचतो आणि तो मोफत आहे. वर्णपट मोजण्याची पायरी ०.००५ सेमी⁻¹ च्या वर नको, कारण या तापमानाला साध्या वातावरणीय दाबात कार्बन डायऑक्साइडच्या रेषेची अर्धी रुंदी ०.०२ च्या आसपासच असते.

पण बॉयलरला रेषा न् रेषा मोजायची गरजच नाही. आपल्या कोल्हापूर भागात साखर कारखान्यांची कमी नाही, आणि तरीही वायूला एकच शोषण गुणांक देऊन मोकळं होण्याची सवय जात नाही. सगळ्या तरंगलांबींवर सारखंच शोषणाऱ्या या एकट्या 'ग्रे गॅस'शी माझं जुनं वैर आहे. हिशोबच बघा.

५० टक्के ओलीचं बगॅस, ३० टक्के जादा हवा: धुरात वाफ साधारण २५ टक्के, कार्बन डायऑक्साइड ११. फर्नेस ६ × ६ × १२ मीटर. घनफळाला पृष्ठभागाने भागून ३.६ ने गुणलं की किरणमार्गाची सरासरी लांबी ४.३ मीटर, म्हणजे दोन्ही वायूंचा मिळून दाब गुणिले लांबी १.६ अ‍ॅटमॉस्फिअर-मीटर. आता एका ग्रे वायूऐवजी वेगवेगळ्या गुणांकांचे काही ग्रे वायू आणि एक मोकळी खिडकी धरून त्यांची भारित बेरीज करणारं मॉडेल वापरा. त्यासाठी स्मिथ, शेन आणि फ्रीडमन यांचे १९८२ चे गुणांक घ्या, वाफ-कार्बन डायऑक्साइड गुणोत्तर २ चे. १२०० अंश सेल्सिअसला एमिसिव्हिटी (आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत उत्सर्जन) ०.४२ येते.

आता लांबी दुप्पट करा. याच गुणांकांनी ०.५० येते. ०.४२ वरून एकच गुणांक काढून तोच पुढे ओढला तर ०.६६! कारण उघड आहे. वर्णपटाचा ४१ टक्के भाग खिडकीसारखा मोकळाच आहे, २७ टक्के आधीच भरलेला. वाढायला जागा उरलेल्या ३२ टक्क्यांतच. नायट्रोजन-ऑक्सिजन तर इथे धरायचेच नाहीत.

सीएफडीत (संगणकावर वायूप्रवाहाचं गणित, ज्यात फर्नेसचे छोटे सेल पाडून मेश बनवतात) हे मॉडेल वापरताना मार्गाची लांबी मागितली तर पूर्ण फर्नेसची द्या. सेलचा आकार दिलात तर मेश बारीक केली की उत्तर बदलतं, आणि दोष बिचाऱ्या बर्नरला किंवा ग्रेटला (इंधन जळतं त्या जाळीला) दिला जातो.

तपासायला ३.९ मायक्रॉन फिल्टरचा थर्मल कॅमेरा लावा. तिथे दोन्ही वायू जवळजवळ गप्प असतात, त्यामुळे ट्यूबचं तापमान दिसतं. वायूच बघायचा असेल तर ४.३ वर जा.

एक राहिलं. वरचे आकडे फक्त वायूचे. बगॅसची उडती राख आणि काजळी सगळ्या तरंगलांबींवर उत्सर्जन करतात, त्या खिडकीतसुद्धा. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली पिवळी ज्वाळा म्हणजे ही काजळीच. तिचा गुणांक प्रत्येक ग्रे वायूच्या गुणांकात मिळवा, मोकळ्या खिडकीच्याही, आणि मगच भिंतीवरचा उष्णता-प्रवाह काढा.