प्लेअरला ड्रॅगन व्हायचंय? होऊ दे, पण आधी हे बघ

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या गोष्टीच्या खेळात पहिल्यांदाच डीएम (म्हणजे खेळ चालवणारा) झालायस आणि ग्रुपमधल्या एकाला ड्रॅगनच व्हायचंय, तर लगेच नाही म्हणू नकोस. हे काही जगावेगळं नाहीये, १९९४ मध्ये एडीएनडीसाठी (या खेळाची जुनी आवृत्ती) 'काउन्सिल ऑफ वर्म्स' नावाचा अख्खा बॉक्स आला होता, त्यात प्लेअरना ड्रॅगन म्हणूनच खेळता यायचं.

एकटाच ड्रॅगन असला की मात्र गडबड होते. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला (खेळातल्या राक्षसांचं पुस्तक) ब्रास वर्मलिंग घे, म्हणजे ब्रास जातीच्या ड्रॅगनचं पिल्लू, सगळ्यात गरीब, सीआर (किती अवघड शत्रू त्याचा आकडा) १, हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) फक्त १६, म्हणजे वाटतं चालेल की. पण उडतो ६० फूट, श्वासातून ४डी६ (चार साध्या फाशांची बेरीज) एवढी आग, आणि पुढच्या वेळी फाशावर ५ किंवा ६ पडला की श्वास परत तयार! पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार प्लेअर) बिचारा बघतच बसणार. म्हणून श्वास रेस्टला (खेळातल्या पात्रांच्या विश्रांतीमागे) एकदाच दे, आणि पाचव्या लेव्हलपर्यंत नुसतं तरंगत खाली उतरता येईल एवढंच ठेव, कारण विझार्डला फ्लाय स्पेल (उडायचा मंत्र) तेव्हाच मिळतो, मग कोणी कुरकुर करत नाही. मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक (पुस्तकातला आकड्यांचा तक्ता) जसाच्या तसा उचलून देऊ नकोस, प्लीज.

साइजचं पण बघ. वर्मलिंग मीडियम असतो म्हणून दारातून जातो, पुढच्या वयाचा, म्हणजे यंग झाला की लार्ज, मग अर्ध्या डंजनमध्ये तो अंग चोरत चालणार. आणि वय वाढल्याशिवाय तो मोठा होत नाही, यंग व्हायलाच पाच वर्षं उलटावी लागतात, तेवढी कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) कोणाची चालते रे? तिथे सरळ लेव्हलप्रमाणे वाढव.

नुसतं खवले आणि श्वास एवढंच हवं असेल तर ड्रॅगनबॉर्न (खेळातली ड्रॅगनसारखी दिसणारी माणसांची जात) आहेच, आधी तेच विचार त्याला.